चार मिनिटं लवकर

ओहायोतल्या त्या गावात डेलबर्ट क्रेमरला बरं म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने परसात बारा फुटी डिश रोवली आणि परग्रहावरच्या शहाण्यांची हाक ऐकत बसला. डिशची सावली शेजारच्या हॉयट पर्डीच्या टोमॅटोंवर पडे. हॉयटचा सगळा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेलेला. आता ते टोमॅटोच त्याचं सर्वस्व. त्याने गावसभेत तक्रार केली. निकाल पुढच्या एका मंगळवारच्या सभेत द्यायचं ठरलं, तेव्हा डेलबर्ट तोऱ्यात म्हणाला, "तोवर काही ऐकू आलं नाही, तर डिश मी स्वतः उतरवतो."

आणि आदल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी दहा चाळीसला डिशला जोडलेल्या यंत्राच्या कागदावरची रेघ ताठ उठली. मंगळवारी दहा छत्तीसला, बुधवारी दहा बत्तीसला. तारे रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येतात; माणसांची यंत्रं घड्याळाने चालतात. म्हणजे रोज चार मिनिटं आधी येणारी हाक ताऱ्यांकडचीच. डिश न हलवता हा फरक बघायचा, ही या छंदातली पहिली कसोटी. ती सांगून सांगून त्याने गावाला पिडलं होतं.

"अर्लीन, चार मिनिटं," तो बायकोला म्हणाला.

"कसली चार मिनिटं? ओव्हनमध्ये काही ठेवलंयस का?"

शनिवारी दहा वीसला रेघ उठली. रविवारी मात्र सपाट. तो दुपारपर्यंत जागचा हलला नाही. सोमवारी, दहा बाराला, ती पुन्हा हजर.

डेलबर्टने आठवड्याचे कागद ओळीने मांडले आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ताऱ्यांवरचे लोक रविवारी सकाळी चर्चला जात नाहीत. तीस वर्षांत एकही रविवार न चुकवणारा एकच माणूस हाकेच्या अंतरावर होता. कुंपणावरून बघितलं तर हॉयटच्या गॅरेजमध्ये टीव्ही तपासायला लहरी सोडणारं जुनं यंत्र होतं, त्याची तार डिशकडे रोखलेली.

मंगळवारी सभेला कधी नव्हे एवढी गर्दी. हॉयटने आपली खोडी सगळ्यांना आधीच सांगून ठेवली होती. लोक मजा बघायला आले होते.

"मिस्टर क्रेमर, काही ऐकलंत का तुम्ही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," डेलबर्ट म्हणाला. "डिश उद्या उतरवतो."

हॉयटचा चेहरा पडला. "खोटं बोलतोय. रोज ऐकलंय त्याने."

डेलबर्ट त्याच्याकडे वळला. "चार मिनिटांचं मी बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, या सगळ्यांना सांगितलं. एकाच्याही लक्षात राहिलं नाही. तू तेवढं नीट ऐकलंस. माझं बोलणं समजणारा कुणीतरी कुठेतरी असेल, म्हणून एवढी वर्षं आभाळ तपासलं, हॉयट. आणि तो निघालास तू."

कोणी हसलं नाही. बाईंनी पुढचा विषय घेतला, गटाराचा.