मागे न सरकलेली सीट

‘मास्तर, आज गाडी नका काढू,’ एवढंच नसीमभाभी, रशीदच्या पत्नी, फोनवर बोलल्या. मंगळवार होता. मंगळवार आणि शुक्रवार हे आमचे यवतमाळला जायचे दिवस. रशीदचं डायलिसिस असायचं. मी एका पायात बूट घातला होता आणि दुसरा शोधत होतो. ‘काहून? बरं वाटून नाही राह्यलं का त्याले?’ मी विचारलं. त्यांच्या भावाने फोन घेतला आणि रशीद पहाटे गेल्याचं सांगितलं. मी बूट काढला, खाटेवर बसलो, आणि खरं सांगायचं तर मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आज मला गाडी चालवायची नाही. आठ महिने चालवत होतो. दमलो होतो. रडू नंतर आलं, चांगलं दोन दिवसांनी, भाजी निवडताना. या क्रमाची मला अजून लाज वाटते, पण तो क्रम तसाच होता.

रशीदभाईचं गॅरेज बोरी अरबला, दारव्हा रस्त्याला लागून. ट्रॅक्टर, जीप, मळणीयंत्राचं इंजिन, जे येईल ते. मी तिथून तीन मैलांवरच्या तांड्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून हयात गेलेला. माझी मोपेड दर महिन्याला रुसायची आणि तिच्यापायी आमची ओळख झाली; मोपेड भंगारात गेली तरी मी जातच राहिलो. तो सहा फुटांच्या वर, हात लांबलचक, बोटं काळीभोर. मी त्याच्या खांद्याच्या जरा खाली. आम्ही दोघं रस्त्याने चाललो की पानठेल्यावरचे लोक हसायचे, आणि रशीद मुद्दाम माझ्या डोक्यावर हात ठेवून चालायचा.

ती गाडी म्हणजे मुळात सहा खोकी होती. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी हौसेने मागवलेली. आत लोखंडी सांगाडा, फायबरचे भाग, पुडीभर बोल्ट आणि एक नकाशांचं पुस्तक. घरी जोडून तयार करायची दोन सीटांची स्पोर्ट्स कार. डॉक्टरांची हौस पहिल्या खोक्यातच संपली आणि त्यांनी ती सगळी रशीदच्या हवाली केली. त्याने चार वर्षं घातली. इंजिन एका जुन्या लहान गाडीचं बसवलं, रंग लाल दिला, आरटीओच्या चकरा मारून मारून कागद केले. वर छत नाही, फक्त ताणून बांधायचं ताडपत्रीचं कापड. सीट मात्र त्याने स्वतःच्या मापाने जमिनीला सरळ बोल्टने आवळून टाकली होती. ‘माह्याशिवाय चालवणार कोन हाय?’ म्हणायचा. तेव्हा खरोखर कोणी नव्हतं.

मग त्याची किडनी गेली. एसटीने यवतमाळला गेला तर परतताना ओकायचा, जीपच्या धक्क्यांनी पाठ धरायची. शेवटी म्हणाला, ‘मास्तर, तुमी चालवा. लाल गाडीत जाऊ, आजारी कोन हाय ते कोनाले समजनार नाई.’ मी चालवायला बसलो आणि माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. आधी पाठीमागे लोड ठेवला. तो वळणावर सरकायचा. मग गोधडीची घडी बांधली, तिच्यापायी कंबर अशी अवघडली की दवाखान्यात त्याच्याऐवजी मलाच धरून उतरवायची वेळ आली. शेजारच्या सीटवर बसून तो पोट धरून हसायचा, अंगात ताकद नसताना. हसून झालं की म्हणायचा, ‘सीट पुढं-मागं होनारी पाह्यजे. तुमच्यासाठी पुढं. बरा झालो की माह्यासाठी मागं.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

एका मोडक्या जीपमधून त्याने सरकत्या सीटच्या दोन पट्ट्या काढून आणल्या. या पट्ट्यांचं काम दिसायला सोपं असतं. दोन्ही जमिनीला बोल्टने बसवायच्या, वर सीट, आणि एक खटका; खटका ओढला की सीट खाचेखाचेने सरकते. फक्त दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर पुढे आणि मागे अगदी सारखं हवं. रशीद टेप वापरत नसे. ‘टेप ओढली तशी लांबते,’ हे त्याचं म्हणणं. ज्याला वस्तू वापरायची त्याच्या हाताने ती मोजायची, अशी त्याची पद्धत होती. कोणाच्या ट्रॅक्टरचा गिअरचा दांडा बदलायचा असला तरी आधी मालकाला बसवून त्याचीच वीत लावून घ्यायचा. ‘या सीटवर दोघं बसनार, तं दोघायनं मोजायचं,’ त्याने जाहीर केलं. सीटच्या मागच्या अडचणीत माझ्यासारखा बुटकाच शिरू शकत होता, म्हणून मागचं माप माझ्याकडे आलं. तो पुढून वाकला. ‘एक वीत चार बोटं,’ तो पुढून म्हणाला. ‘एक वीत चार बोटं,’ मी मागून म्हणालो. दोघांनी खडूच्या खुणा केल्या, त्याने ड्रिल मारलं, बोल्ट आवळले.

सीट पुढे लोण्यासारखी सरकली. माझा पाय क्लचवर नीट पोचला. मग त्याने ती मागे ढकलली, आणि तीन खाचांनंतर ती अडकली. तेल घातलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या. शेवटी तो खाली बसला, आपला पंजा पसरून माझ्या पंजाला लावला, आणि बघतच राहिला. माझी वीत त्याच्या वितीपेक्षा बोटभर लहान. पट्ट्या मागे जाता जाता एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. मी शाळेत पोरांना समांतर रेषा शिकवल्या होत्या, आणि त्याने आयुष्य नटबोल्टात काढलं होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. ‘तुमी तं माही जागाच खाऊन टाकली, मास्तर,’ तो म्हणाला. भाभी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर बसून हसत होतो.

‘पुढच्या आठवड्यात मागचे भोकं नवे पाडू,’ तो म्हणाला. पुढचा आठवडा आला नाही. कधी त्याला ताप, कधी हात सुजलेला, कधी तोच म्हणायचा, ‘जाऊ द्या ना, चालून तं राह्यलं.’ मंगळवार, शुक्रवार, मंगळवार… सकाळी सहाला निघायचं, चार तास दवाखान्याच्या बाकावर बसायचं, परतताना तो शेजारी डोळे मिटून आणि मी खड्डे चुकवत. दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला त्याने ती गोष्ट सांगितली. ‘सीट मागं जात नाई, नाई तं मीच चालवत आलो असतो. या मास्तरची वीत लहान.’ नर्सा हसायच्या. मीही हसायचो. पण घरी आलो की ते टोचायचं. मला वाटायचं, याला एकदा तरी स्टिअरिंगवर बसता आलं असतं तर त्याची उमेद टिकली असती, आणि ते माझ्या हाताने अडवलं. मी दोनदा म्हणालो, दारव्ह्याहून दुसरा मिस्त्री आणतो. तो चक्क रागावला. ‘माह्या गाडीले दुसऱ्याचा हात नाई लागनार.’ मग मीही विषय सोडला. दमलेला माणूस विषय लवकर सोडतो.

रशीदचा चाळिसावा दिवस झाला. त्यानंतर भाभींनी सांगून पाठवलं, की गाडी नुसती उभी आहे, आठवड्यातून एकदा सुरू करून जात जा, नाही तर बॅटरी बसेल. मी गेलो. जाताना दुकानातून नवी टेप घेतली. त्याचं राहिलेलं काम तरी करावं, असं मनात होतं. कोणासाठी, ते विचारू नका. सीट काढली, खालची रबराची चटई उचलली, आणि मागच्या बोल्टांच्या शेजारी, बोटभर अंतरावर, दोन नवी भोकं दिसली. कडांना गंजरोधक तांबडा रंग लावलेला, खालून नट वेल्डिंग केलेले. टेप लावून पाहिली. माप पुढच्याशी तंतोतंत. असं काम बोरीत एकच माणूस करत होता.

भाभी दारात उभ्या होत्या. ‘तुमी केळापूरकडे लग्नाले गेलते ना, चार दिवस,’ त्या म्हणाल्या, ‘तवा केलं त्यायनं. पाटावर बसून बसून केलं. सीट मागं घेतली, वर बसले. क्लच दाबाले गेले तं पायात जोरच नाई, क्लच अर्ध्यातच राह्यला. तीनदा दाबून पाह्यलं. मंग उतरले अन् होते तसेच बोल्ट जुन्या भोकात लावून टाकले.’ मग म्हणाल्या, ‘मले म्हने, मास्तरले नको सांगू. वाटू दे त्यायले, त्यायच्या वितीनंच बिघडलं.’

मला राग आला, हे लपवत नाही. ते लग्न आमच्या पट्ट्या बसवल्यावर महिन्याभरातलं. म्हणजे पाच महिने हा माणूस नर्सांना माझी वीत दाखवत होता आणि मी त्या वितीचं ओझं वाहत होतो. चटईवर बसून मी त्याला मोठ्याने शिवी दिली. भाभींनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मी पाहिलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं. माझ्या चुकीवर दोघांना हसता येत होतं. त्याच्या पायावर हसता आलं नसतं, आणि ते कळलं असतं तर मंगळवारी त्याच रस्त्याने मला गाडी नेता आली नसती. त्याने मला सोपं तेवढं ओझं दिलं होतं आणि जड ते स्वतःकडे ठेवलं होतं.

मी बोल्ट काढून त्याच्या भोकांत लावले. खटका ओढला, सीट खट् खट् करत शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली. तिथे बसून पाहिलं. माझा पाय हवेत राहिला. पाय आणि क्लच यांच्यात एक वीत होती, माझ्या हाताची.

आता दर शुक्रवारी मी गाडी दारव्ह्याच्या फाट्यापर्यंत नेऊन आणतो. नेताना सीट पुढे ओढावीच लागते. परत आणली की इंजिन बंद करतो, खटका ओढून सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सारतो, आणि मगच ताडपत्री टाकतो.