अर्ध्या दाढीनिशी दवाखान्यात

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे तशी कोवळीच, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

आमच्या यजमानांच्या बोटात गच्चीवरच्या गुलाबाचा काटा गेला. माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन त्यांनी तो उकरून काढला, मी वर हळद दाबली. झालं. तिसऱ्या दिवशी बोट लालभडक सुजलं, ताप चढला, आणि हुडहुडी अशी की पलंग वाजायला लागला.

दुपारी ते मला म्हणाले, "मॅडम, नाशिकरोडची बस लागली का?"

उभा जन्म 'अगं ए' ऐकलेली मी! शुद्ध हरपत चाललीय हे कळायला नको? "बसा हं साहेब, यायचीय अजून," मी म्हणाले आणि तोंडाला पदर लावून हसले.

दवाखान्यात नेणार होतेच मी. पण दोन दिवसांची दाढी, चुरगळलेला लेंगा, हा अवतार डॉक्टरांपुढे? म्हणून पँट इस्त्रीला काढली आणि यांच्या गालांना साबण फासला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स आमची वाटी परत द्यायला आली, वाटीत शिरा घालून. यांना बघताच तिने वाटी टेबलावर आपटली आणि त्यांचा हात धरला.

"काकू, हात बर्फासारखे पडलेत! आणि श्वास बघा, जिना चढून आल्यासारखा. लघवी कधी झाली?"

"काल संध्याकाळी असेल. थांब गं, दुसरा गाल तेवढा होऊ दे."

"गाल राहू द्या! जखमेतला संसर्ग अंगभर भिनलाय बहुतेक. सेप्सिस म्हणतात याला. उठा, आत्ता निघायचं!"

एका गालावर फेस, खाली लेंगा, अशी आमची वरात इंदिरानगरातून रिक्षाने निघाली. द्वारका चौकातल्या गर्दीत हे शेजारच्या ट्रकवाल्याला विचारत होते, "पंचवटीला थांबणार का?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे असं असंबद्ध कधीपासून बोलतायत?"

'लग्नापासून' अगदी ओठांवर आलं होतं. "दुपारपासून," मी म्हणाले. दुपारपासून! आणि मी बस लावत बसले होते.

चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते. पाचव्या दिवशी डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी, आणखी दोन-तीन तास घरी काढले असते, तर..."

सत्तावीस वर्षं शाळेत मी पोरांकडून गाळलेल्या जागा भरून घेतल्या. ही एक मात्र मी कुणालाच भरू दिली नाही.

"त्यांना पेज चालेल का, ते सांगा," म्हटलं.