रिकाम्या जागी काय होतं

डॉ. इंगळे सरांची नि माझी पहिली भेट झाली ती बुलढाण्याच्या त्यांच्या प्रयोगशाळेत, नोकरीच्या मुलाखतीला. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा काप ठेवला. पेशींत गोल, रिकामी भोकं होती. "काय दिसतं?" मी म्हणाले, "काहीच नाही." सर शांतपणे म्हणाले, "तिथं चरबी होती. काप तयार करताना आपणच ती अल्कोहोलने विरघळवून टाकली." म्हणून अर्धा तुकडा अल्कोहोलपासून दूर ठेवायचा आणि गोठवून कापायचा, हा सरांचा दंडक.

तो मी दुसऱ्याच महिन्यात मोडला. माझा ताठा तेव्हा पदवीच्या कागदाइतकाच नवा होता. डोणगावच्या तीन वर्षांच्या एका मुलीचं यकृत सुजलं होतं. आईच्या दुधातच दोष, असं सासू म्हणे. सुनेला कायमचं माहेरी धाडायचं ठरत आलं होतं. मी घाईत सगळाच तुकडा अल्कोहोलमध्ये टाकला. हाती भोकं उरली. त्यांत चरबी होती की आणखी काही, सांगता येईना. नव्या तुकड्यासाठी लेकराला पुन्हा सुई टोचावी लागणार होती.

सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. स्वतः डोणगावला गेले, मला सोबत घेऊन. त्या आईपुढे हात जोडून म्हणाले, "चूक माह्याकडून झाली, माय. पोरीले अजून एक डाव आणा." मी मागे उभी होते आणि गप्प राहिले. त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या तुकड्यात चरबीचे लाल रंगवलेले थेंब पेशीपेशीत दिसले. पुढे मोठ्या शहरातल्या तपासणीत त्याचं कारणही कळलं. सरांनी सासूबाईंनाच सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"ही चरबी फोडणारा रसच पोरीच्या अंगात जन्मापासून नाही. म्हणून ती साचून राह्यली."

"म्हंजे दुधानं नाही झालं?"

"नाही, माय."

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. मग सुनेला म्हणाल्या, "चाल, आपल्या घरी चाल."

मुलगी पुढे वाचली नाही. सून मात्र त्याच घरी नांदते आहे.

सरांनी आता पंच्याहत्तरी गाठली, त्यानिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्या घरात मात्र ते अजूनही लेकराला दोनदा सुई टोचायला लावणारे डॉक्टर आहेत, आणि सरांनी तो समज कधी दूर केला नाही. तो मी इथे दूर करते: चूक माझी होती. या ग्रंथाची पहिली प्रत घेऊन मी डोणगावला जाणार आहे, हे पान त्या माउलीला वाचून दाखवायला. सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे ऐकून ती माउली तुम्हाला भेटायला येईल तेव्हा तुम्ही नेहमीच्या खुर्चीत असायला हवेत.