बसक्या गाडीतून कटंगीला

माझ्या भावाची गाडी जमिनीपासून किती वर आहे, हे पाहायचं तर वाकावं लागतं. शोरूममधून आली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. यानं स्प्रिंगा बदलून तिला खाली बसवली, दोन्ही बाजूंना दारांखाली फायबरच्या काळ्या पट्ट्या लावल्या, पुढच्या बंपरलाही खालून एक ओठ चिकटवला. मलाजखंडला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, लग्न झालेलं नाही, सगळी हौस गाडीवर. बालाघाटातले स्पीडब्रेकर तो तिरपे चढतो, एकेक चाक जपून, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्याचा उद्धार करतात. मी शेजारी बसलेली असले तर मीही करते.

त्या दिवशी माझा जीव घरूनच टांगणीला लागला होता. आईची थोरली बहीण, आमची मावशी, कटंगीचं घर बंद करून मुलाकडे पुण्याला कायमची चालली होती. दुपारी जेवणं झाली की मुलगा तिला घेऊन नागपूरहून पुण्याची रेल्वे गाठायला निघणार होता. त्याआधी आईला तिला भेटायचं होतं. दोघींचं वय बघता पुन्हा भेट होईल असं आमच्या घरात कोणी म्हणत नव्हतं, आणि होणार नाही असंही कोणी म्हणत नव्हतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. त्या गाडीत बसायचं म्हणजे तिला जमिनीवरच बसायचं. मी भाड्यानं उंच गाडी सांगते म्हटलं, तर म्हणाली, "लेकाची गाडी दारात असतानी भाड्याची कायले?" आम्ही दोघांनी तिला पाठमोरी करून पुढच्या सीटवर टेकवलं, मी तिचे पाय उचलून आत घेतले. तेवढ्यानं ती घामाघूम झाली. पदर सारखा करत म्हणाली, "आता बाईच्या दारातच उतरवा मले." थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणते.

वारासिवनी मागे पडली आणि रस्त्याच्या तुटक्या कडेवर मागचं डावं चाक आपटलं. भावानं गाडी बाजूला घेतली, उतरून पाहिलं. टायर पार बसला होता, आणि आधीच बसकी असलेली गाडी त्या बाजूला जवळजवळ रस्त्याला टेकली होती.

समोर चहाची टपरी होती. तिथली माणसं ग्लास खाली ठेवून आली. आमच्याकडे कोणाची गाडी अडली की हातातलं काम टाकून मदतीला येतात, ते चांगलंच आहे, पण येतात ते उचलायच्या तयारीनंच. एकानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इथं जॅक कोठी घुसते? चौघं लागू, हातानंच उचलू."

मला तर ते देवच वाटले. मी म्हटलं, "हौ, उचला." भाऊ डिकीतून सामान काढत होता. तो "मत उठाओ, भैया" म्हणेपर्यंत चौघांनी दारांखालची काळी पट्टी धरलीसुद्धा. गाडी थोडी वर आली. मग कडकन आवाज झाला, आणि ती आईसकट धपकन खाली बसली. पट्टीचा हातभर तुकडा एकाच्या हातात राहिला. बिचारा तो तुकडा धरून उभा होता, कुठे ठेवावा ते त्याला समजेना.

आई आत दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. भावानं तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडून आधी तिचा गुडघा चाचपला आणि म्हणाला, "आई, लागलं का?" तिनं मान हलवली. मग तो उठून सगळ्यांना म्हणाला, "ते नुसतं शोचं फायबर आहे, त्याले धरून गाडी नाही उचलत. आता कोणीच हात नाही लावायचा. पहिले आई उतरेल."

"आता तिले काहून काढून राह्यला?" मी म्हटलं. "टाइम नाही आपल्यापाशी."

"ताई, गाडी जॅकवर असतानी आत माणूस नाही ठेवत. घसरली तं?"

आई म्हणाली, "मी नाही उतरत. एवढे लोक पाहून राह्यले."

मी घड्याळ बघत होते. राग नक्की कोणाचा येत होता ते सांगता येणार नाही. गाडी अशी करून ठेवणाऱ्या भावाचा, उतरत नाही म्हणणाऱ्या आईचा, आणि मावशीच्या मुलाचा, ज्याचा तेवढ्यात फोन आला, "मावशी कोठवर आली? सामान भरून झालं."

भाऊ त्या माणसांकडे वळला. "काका, जरा उधर मुँह कर लो." म्हातारे, तरणे, टपरीवालासुद्धा, सगळे धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांकडे तोंड करून उभे राहिले. भावानं गुडघ्यावर बसून आईचे हात आपल्या गळ्यात घेतले, मी तिचं पातळ घोट्याशी धरलं. त्यानं तिला उचलून टपरीच्या खुर्चीवर ठेवलं तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. बसल्या बसल्या तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला सहन होत नव्हतं, इतकं सावकाश. डिकीतली लाकडी फळी चाकापुढे टाकून, गाडी इंचाइंचानं पुढे घेत चाक जेमतेम तिच्यावर चढवलं, तेव्हा कुठे त्याचा बसका जॅक आत सरकण्याएवढी जागा झाली. हँडब्रेक ओढला असताही पुन्हा ओढून पाहिला, आणि चाक टेकलेलं असतानाच त्याचे नट सैल केले. बाकीच्या चाकांना दगड लावले. मग पोटावर पालथा पडून, मोबाइलचा उजेड मारून, पट्टीच्या मागची लोखंडाची पक्की जागा शोधत बसला.

"कुठंही लाव ना," मी म्हटलं.

"कुठंही लावलं तं पत्रा दबते, नाहीतं गाडी सटकते." जॅकवर रबराचा तुकडा ठेवून त्यानं दांडा मारायला सुरुवात केली. थोडं उचलायचा, थांबायचा, खाली वाकून बघायचा, पुन्हा थोडं. चाक हवेत आल्यावर राखीव चाक आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवलं. जॅकनं दगा दिला तरी गाडी त्याच्यावर टेकेल, म्हणाला. मी खुर्ची ते रस्ता अशा येरझारा घालत होते. कार्ट्याची हीच अक्कल गाडी खाली बसवताना कुठे गेली होती, हे मी मोठ्यानं विचारलं, आणि पाठमोऱ्या माणसांपैकी कोणीतरी हसलं.

चाक बदलून झालं. आईला पुन्हा तसंच उचलून आत ठेवलं. गाडी निघाल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "मी आता उतरणार नाही. बाईच्या घरीबी नाही. तिच्या सोयऱ्यायपुढं मले नका उचलू."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. एवढा आटापिटा करून दारातून परत जायचं असेल तर काय उपयोग, असं मनात घोळत राहिलं, आणि मावशी मानापमानाची किती कडक ते मला माहीत होतं.

कटंगीला मावशीच्या दारात तिच्या मुलानं नागपूरपर्यंत भाड्यानं घेतलेली उंच गाडी सामान भरून उभी होती. गल्लीतले लोक निरोपाला जमले होते. भावानं गाडी अगदी पायरीला लागून उभी केली आणि आईच्या बाजूचं दार उघडलं. मावशी काठी टेकत बाहेर आली.

"काहून उतरत नाही वं?"

आई खाली मान घालून म्हणाली, "उतरली तं उचला लागते मले, बाई. दोघं लागते."

मावशीनं काठी माझ्या हातात दिली, भिंत धरून ती खालच्या पायरीवर बसली, आणि दोघींची तोंडं समोरासमोर आली. मधे कुठली उंचीच नव्हती. मावशीनं आईचा हात मांडीवर ओढून घेतला. पुण्याला थंडी असते का, कुलपाची किल्ली कोणाजवळ ठेवली, लोणच्याची बरणी नेली का, असलं काहीबाही दोघी बोलत राहिल्या. बोलणं संपलं तरी हात सोडला नाही.

मुलानं दोनदा वेळ झाल्याचं सांगितलं. मावशी उठायला गेली आणि तिला उठताच येईना. पुन्हा जोर केला, पुन्हा टेकली. लोकांसमोर ती हसली, पण कानशिलं लाल झाली होती. "झाली ना पंचाईत," ती म्हणाली. "मलेबी उचला आता."

एका बाजूनं तिचा मुलगा, दुसऱ्या बाजूनं माझा भाऊ वाकले. आईनं गाडीतून हात शक्य तेवढा लांब केला होता, बोटं निसटेपर्यंत.

"हळू उचला तिले," आई म्हणाली. "डावा खांदा दुखते तिचा."