बदलीचा पलंग

घंटाबाईचा नवरा परदेशातून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला त्यानं सगळं घर उठवलं.

आधी आईच्या खाटेपाशी गेला, तिच्या नाकाखाली हाताची मागची बाजू धरली आणि म्हणाला, "आई, ऊठ. उठले म्हण." मग पोरीला. मग बायकोला. नुसते डोळे उघडून भागायचं नाही. तोंडानं "उठले" म्हणायचं, तरच तो पुढं सरकायचा.

"अरे, मला काय गाडी पकडायचीय?" म्हातारी म्हणाली. "ऐंशी वर्षं उठतेच आहे मी. आता जरा पडू दे."

"तिकडं शिस्त असते म्हणे," घंटाबाई म्हणाली.

"शिस्त त्याच्या अंगात शिरली आणि झोप माझी गेली. हा कुठला न्याय?"

घंटाबाई म्हणजे शाळेतली शिपाईण. एकोणीस वर्षं ती शाळेची घंटा देत होती, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्या घंटेवर गल्लीतल्या बायका तापत ठेवलेलं दूध उतरवायच्या. नवरा अकरा वर्षं परक्या देशात एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला. शहरभरच्या हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. त्या इस्त्रीच्या गरम रुळांतून बाहेर पडल्या की हा घड्या घालायचा. रात्रपाळीत दोन हजार घड्या. मध्ये चार वेळा सुटीवर येऊन गेला, पण पाहुण्यासारखा. या खेपेला मात्र फोनवर म्हणाला होता, दोन महिन्यांची रजा टाकतो आणि जमलं तर परत जातच नाही. त्या "जमलं तर"वर घंटाबाईनं नवा दोघांचा रुंद पलंग घेतला होता. सासूला म्हणाली, "आता काय, रोज सुटी."

पण नवरा त्या पलंगाच्या कडेला फळीसारखा पडायचा. कूस बदलायचा नाही. मधूनच त्याचा हात तिच्या नाकापाशी यायचा. पाचला उठला की चादर अशी ताणायचा की तिच्यावर कुणी निजलं होतं हे सांगूनही पटू नये. मग आपली उशी आणि पांघरूण काखेत मारून उभा राहायचा, ते कुठं ठेवायचं हे न कळल्यासारखा. घंटाबाईनं थट्टेनं भिंतीला एक खिळा ठोकून दिला. त्यानं खरंच पिशवी आणली, उशी-पांघरूण तिच्यात कोंबलं आणि खिळ्याला अडकवलं. तेव्हा तिचं हसू जिथल्या तिथं जिरलं.

तिचा धाकटा भाऊ रोज सकाळी चहाला यायचा. कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षं तो घरीच होता, आणि माणूस घरी बसला की दुसऱ्याच्या घरी जास्त बसतो.

"दाजी, तिकडं पाणी चोवीस तास?"

"चोवीस तास."

"गरम?"

"उकळतं."

"आणि रस्ते? एकदम आरशासारखे असतील."

"रस्ते मी फार बघितले नाहीत. खोलीवरून गाडीत घालून न्यायचे. जाताना उठलेलो नसायचो, येताना झोपलेलो असायचो."

"इथं आणि तिथं फरक काय, ते सांगा ना सरळ."

नवऱ्यानं बशी खाली ठेवली. "इथं सगळं आहे," तो म्हणाला. "झोप नाही."

दुरून डोंगर साजरे, हे भावालाही ठाऊक होतं. पण ज्याच्या चुलीत लाकूड नाही, त्याला डोंगरावर लाकूडच दिसतं. "माझ्यासाठी शब्द टाका दाजी," तो रोज म्हणायचा आणि दाजी रोज गप्प बसायचे. गल्लीत बोलणं सुरू झालं, की स्वतः जाऊन आला आणि मेहुण्याला शिडी देईना.

रजेचा महिना सरला तेव्हा नवऱ्याचे गाल आत गेले होते. एक दिवस कपाटातून परतीचं तिकीट काढून त्यानं तारीख बघितली आणि म्हणाला, "मी जातो परत."

"कशाला?" घंटाबाईनं विचारलं. "काय कमी पडलं इथं?"

"तिकडं झोप तरी लागते."

नवरा बायकोला कशाकशापायी सोडतो, पण झोपेसाठी सोडून जातो म्हटल्यावर तिनं काय करावं? चार दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. शाळेत घंटा मात्र इतकी जोरात दिली की मुख्याध्यापक बाहेर येऊन बघून गेले.

इकडं म्हातारीनं उठवण्याबद्दल मुलाशी तह केला होता: शाळा असेल तर पाच, सुटी असेल तर सात. तरी तिचं पित्त खवळलेलंच. एका सुटीच्या आदल्या संध्याकाळी नातीला म्हणाली, "उद्या मी उठतच नाही. बघू काय करतो ते."

सकाळी सात वाजले. भाऊ चहाचा कप घेऊन बसला होता. नवऱ्यानं आईला हाक मारली. म्हातारी गप्प. दुसरी हाक. गप्प. त्यानं नाकाखाली हात धरला, तर तिनं श्वासही रोखला. नात ओढणीत तोंड खुपसून हसत होती.

तो ओरडला नाही. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि हळूच म्हणाला, "मी बसतो. तू झोप. पंधरा मिनिटं झोप."

म्हातारी धडपडत उठून बसली. "अरे, थट्टा केली रे बाळा. उठले. ही बघ, उठले."

त्यानं तिचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेचना. मग तिच्या पावलाकडं बघतच तो बोलायला लागला.

त्यांच्या खोलीत आठ पलंग आणि सोळा माणसं. दिवसपाळीचा रात्री निजायचा, रात्रपाळीचा दिवसा. ज्याच्या-त्याच्या जोडीदाराला सगळे "बदली" म्हणायचे. याचा बदली दुसऱ्याच कुठल्या मुलखातला होता. ना याला त्याची भाषा, ना त्याला याची. अकरा वर्षांत दोघांत शंभर शब्द झाले नसतील. पण हा कामावरून यायचा तेव्हा तो आपली उशी-पांघरूण पिशवीत घालून खिळ्याला अडकवायचा, चादर ताणून ठेवायचा, आणि खिडकीत एक पेला चहा झाकून ठेवलेला असायचा. संध्याकाळी जाताना हाही तसंच करायचा. आठवड्याच्या सुटीला दोघं खोलीत असले की पलंगावर तू झोप, तू झोप म्हणून भांडण, आणि ते हातवाऱ्यांनी. खोलीचा एक नियम होता. झोपलेल्याला उठवायचं नाही. फार तर पायथ्याच्या स्टुलावर पंधरा मिनिटं बसायचं.

"निघायच्या महिनाभर आधी एक दिवस सकाळी साडेसहाला आलो," नवरा म्हणाला. "तो भिंतीकडं तोंड करून. चादर कानापर्यंत. खिडकीत चहा नव्हता. म्हटलं, काल ताप होता त्याला, झोपू दे. स्टुलावर बसलो. तेवढ्यात त्यानं एकदा घोरल्यासारखं केलं. मला बरं वाटलं. म्हटलं, गाढ लागलीय. पंधरा मिनिटं झाली तरी उठवलं नाही."

"सव्वाआठला मुकादम आला, हा का आला नाही विचारायला. मी म्हटलं, हळू बोला, झोपलाय. डॉक्टर म्हणाला, ते घोरणं नव्हतं, जीव जात होता त्याचा. तेव्हा हाक मारली असती तर... तो म्हणाला, सांगता येत नाही. पण माझ्याकडं बघून म्हणाला."

"तुला काय माहीत होतं रे," म्हातारी म्हणाली.

"पुढचं ऐक. त्याला नेला. मला म्हणाले, तू झोप आता, रात्री पाळी आहे. मी झोपलो. गादी गरम होती अजून, आई. आणि मला झोप लागली. सात तास."

नातीनं तोंडावरची ओढणी काढली होती. मग भावानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे दाजी, ती जागा अजून रिकामीच आहे?"

घंटाबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की दुसरा असता तर तिथंच करपला असता. "ऊठ. घरी जा."

"ताई," तो खाली मान घालून म्हणाला, "मला दोन लेकरं आहेत."

घंटाबाईनं त्याचा कप उचलून मोरीत नेला.

तिकिटाला बारा दिवस उरले. सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो म्हणतात, पण नवऱ्याचं तसं काही झालं नाही. तो पाचला उठवत राहिला, फक्त आता कुणी कुरकुर केली नाही.

अशातच एका सकाळी घंटाबाई शाळेच्या अर्ध्या वाटेवर गेली आणि घंटेची हातोडी घरीच राहिल्याचं तिला आठवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती माघारी आली. बघते तर नवरा पलंगावर. स्वतःच्या बाजूला नाही, तिच्या बाजूला. ती नुकतीच उठून गेली होती त्या खळग्यात, तिच्या उशीवर, चादर कानापर्यंत ओढून. गाढ.

तिनं आधी त्याच्या नाकाखाली हात धरला. श्वास लागला हाताला. मग ती तशीच उभी राहिली. शेजारी कुणी झोपलेलं असलं की याला झोप येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कुणीतरी उठून, चालून, बोलून गेलेलं असलं आणि मागं जागा गरम राहिली की येते, हे तिला आज दिसलं. परदेशी कामाला नेलेल्या माणसांची सवय आता तिच्याच घरात येऊन निजली होती.

त्या दिवशी शाळेची घंटा दहा मिनिटं उशिरा झाली. गल्लीत दोघींचं दूध उतू गेलं.

"काय घंटाबाई, आज सूर्य उशिरा उगवला का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"घरात माणूस झोपलं होतं, सर."

शाळा सुटल्यावर ती थेट मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं मागच्या अंगाला धुलाईखाना होता आणि रात्रपाळीला माणूस टिकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. का टिकत नाही, ते त्या चादरी बघितल्या की कळतं. तिकडं हॉटेलच्या चादरी, इकडं दवाखान्याच्या. कापड तेच, डाग वेगळे. तिनं नवऱ्याला नेऊन उभं केलं. त्यानं एक चादर घडी करून दाखवली आणि तिथला मुकादम म्हणाला, उद्यापासून या.

तिकिटाची तारीख आली आणि गेली. पुढच्या महिन्यात भाऊ गेला, दाजींनी टाकलेल्या शब्दावर. मेहुण्याला नाही म्हणणं नवऱ्याला जमलं नाही. जाताना बहिणीच्या पाया पडला तेव्हा ती त्याला आशीर्वाद द्यायचा विसरली, मग गाडी हलल्यावर दिला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, खोली बरी आहे. खिडकीजवळचा पलंग मिळालाय. माझा बदली चांगला माणूस आहे, चहा झाकून ठेवतो."

नवऱ्यानं तिच्या हातातून फोन घेतला. "त्याला उठवत जा," तो म्हणाला. "आलास की आधी उठव. शिव्या दिल्या तरी चालेल. ऐकतोयस ना?"

"अहो दाजी, पण खोलीचा नियम आहे..."

फोन मध्येच तुटला.

आता घंटाबाईच्या घरी असं चालतं. नवरा संध्याकाळी जेवून कामाला जातो आणि ती त्या रुंद पलंगावर एकटी निजते. पहाटे साडेपाचला तो परत येतो. म्हातारीची झोप आता कुणी मोडत नाही, तर ती आपणच पाचला जागी होऊन वाट बघत पडते. बायका विचारतात, नवरा आला का गं कायमचा? तर म्हातारीच मध्ये बोलते, "देशात आलाय. पलंगापर्यंत यायचाय अजून."

शाळेला सुटी असली तरी घंटाबाईला चारलाच जाग येते. पण ती उठत नाही. अंगाखालची जागा निवू नये म्हणून हलतही नाही, पाठ आखडली तरी तशीच पडून राहते. दारात त्याची चप्पल वाजली की उठते आणि मोठ्यानं म्हणते, "उठले." तो मान हलवतो, गादीवर हात ठेवून बघतो आणि तिच्या खळग्यात आडवा होतो.

मग ती चहा करते आणि त्याचा पेला झाकून खिडकीत ठेवते. दुपारी तो उठेस्तोवर चहाचं पाणी झालेलं असतं. गरम करून देते म्हटलं तर नको म्हणतो, तसाच पितो.