वनाबाबाचा मंत्र

अमळनेरच्या बाजारपेठेत अखिलचं कापडाचं दुकान आहे, म्हणजे पाटी त्याच्या नावाची आणि शब्द वडिलांचा, रतनलालजींचा. दिवसभर तो तागे उलगडतो, पुन्हा गुंडाळतो, आणि त्यात फोन वाजतो. "अखिलभाऊ, आगीचा गोळा फेकला तर भिंतीमागचा माणूस भाजतो का?" समोर साडीचा पदर धरून उभ्या असलेल्या बाई दचकतात. अखिल कान आणि खांद्यात फोन दाबून सांगतो, "भिंत सलग असेल तर नाही. कोपऱ्यावरून मात्र आग वळते." मग बाईंकडे बघून म्हणतो, "हा रंग जाणार नाही, ताई."

हा सगळा एका खेळाचा प्रताप. रविवारी दुपारी दुकानावरच्या खोलीत चार जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. गोष्ट सांगणारा एक सूत्रधार असतो. राक्षस तोच, राजा तोच, आणि मंत्रांच्या नियमांवरून जुंपली की न्यायाधीशही तोच. गावात खेळ अखिलने आणला, त्यामुळे ही बिनपगारी कोर्टकचेरी पहिल्यापासून त्याच्या गळ्यात पडली. सुरुवातीला मजा वाटली. खाली दुकानात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचं वर सगळे ऐकतात, हे कुणाला आवडणार नाही? पण वर्षं गेली आणि निवाडे काही संपेनात. अदृश्य माणूस शिंकला तर? झोपेचा मंत्र झोपलेल्यावर चालतो का? विचारणाऱ्याला नियम आपल्या बाजूने वाकवून हवा असायचा. हरणारा तोंड पाडून बसायचा आणि सोमवारभर अखिललाच अपराधी वाटायचं. तो पार थकून गेला होता.

त्याची एकच इच्छा होती, एकदा तरी नुसता खेळाडू होऊन बसायचं. त्यासाठी मनात एक म्हातारा वैदू त्याने कधीचा तयार ठेवला होता. नाव वनाबाबा. पांढरी दाढी, दुखरे गुडघे, आणि मंत्राने सगळ्यांना सांभाळण्याची हौस.

गेल्या हिवाळ्यात चुलतबहीण चेलना म्हणाली, "भैया, या रविवारी सूत्रधार मी." अखिलने नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्या हवाली केलं आणि खुर्ची बदलली. ही बैठक निभली तर तो सुटला; चेलना डगमगली तर पुस्तक पुन्हा त्याच्या मांडीवर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चेलनाने सुरुवात झोकात केली. सोनगीरच्या किल्ल्याखाली भुयार, भुयारात विषारी धूर. वनाबाबाने मंत्र धरला आणि सगळ्यांभोवती शुद्ध हवेचं कडं उभं राहिलं. असा मंत्र चित्त एकाग्र असेपर्यंतच टिकतो. इतक्यात पितांबर कड्याबाहेर निघाला. हा पितांबर धुळ्याकडच्या शेतकरी घरातला, खेळात तलवारबहाद्दर. वनाबाबा ओरडला, "मागे फिर!"

"मंत्र तुटला," चेलना म्हणाली.

"तो कसा?" शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दीपकने विचारलं.

"बोलला ना तो!"

तिला तिळभर शंका नव्हती. लहानपणापासून ती आईशेजारी सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसत आलेली. तिथे आसनावर बसून ठरावीक वेळ मन आवरायचं, आणि मध्ये बडबड केली की आई डोळे वटारायची. चित्त धरायचं तर तोंड मिटायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. खेळाचा नियम निराळा आहे. धरलेला मंत्र बोलण्याने तुटत नाही, जखम झाली तर डळमळतो. ते पान अखिलला तोंडपाठ होतं.

पितांबर घाबरला की त्याची अहिराणी सुटते. "बोलाथीन मंतर कसा तुटी? आते आपन बठ्ठा मरसूत! अखिलभाऊ, तू सांग ना, नियम काय शे?"

तिघंही अखिलकडे बघू लागले. चेलनासुद्धा. तिच्या हातातलं पुस्तक नकळत त्याच्याकडे सरकलं होतं. एक वाक्य बोललं की म्हातारा वाचणार होता. पण मग पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी आणि मरेपर्यंतच्या सगळ्या रविवारी हेच तीन चेहरे असे वळणार होते. अखिलला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "सूत्रधार ती आहे."

चेलनाने पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि फासे टाकायला सांगितलं. पितांबर आणि दीपकला फाशांनी तारलं, त्यांचे गडी खोकत धुराबाहेर पडले. दुखऱ्या गुडघ्यांचा वनाबाबा धुरातच राहिला. इतकी वर्षं जपलेला म्हातारा एका दुपारीत गेला. अखिलला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तो मागच्या कापडाच्या गाठोड्याला टेकला. दार उघडायचा मंत्र कुलपावर चालतो की नाही यावर बाकीचे भांडायला लागले, आणि निकाल त्यांनी चेलनाला विचारला. तिचा निकाल ऐकता ऐकताच अखिलला झोप लागली.

चेलना सूर्यास्तानंतर जेवत नाही, म्हणून खेळ उन्हं असतानाच मोडतो. दोघे गेल्यावर तिने अखिलला हलवलं. तिच्या हातात पुस्तक उघडं होतं.

"भैया, बोलल्याने तुटत नाही. इथे लिहिलंय. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"थकलोय गं."

ती ओशाळली. "मग वनाबाबा मेलाच नाही असं धरू. पुढच्या रविवारी त्याला परत..."

"नको, राहू दे त्याला. मला दुसरा माणूस दे. ज्याला एकही मंत्र येत नाही असा. एखादा हमाल दे."

चेलना हसली, पण तो हसत नाहीये हे पाहून थांबली. "हमालाच्या पाठीवर ओझं असतं, भैया."

"असू दे," अखिल म्हणाला. "संध्याकाळी उतरवता येतं."