दोन सीटची गाडी

गल्लीत त्यांना गवसणीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, आणि पाठ वळली की गवसणी. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला त्यांचा एक गाळा होता आणि त्यात कापडी गवसणी घातलेली एक गाडी वीस-पंचवीस वर्षं उभी होती. लोकांनी गवसणीच जास्त पाहिली. गाडी पाहिलेले थोडे.

गाडी गडद हिरवी, बुटकी, लांब नाकाची. तिचे दिवे एरवी बॉनेटमध्ये लपलेले असत, खटका दाबला की वर येत. आणि सीट दोनच. घरात माणसं तीन. गाडी घरी आली त्याच दिवशी काकूंनी विचारलं होतं, "तिसऱ्यानं काय टपावर बसायचं?" काका पोट धरून हसले होते. काकूंनी तो प्रश्न खरोखरच विचारला होता, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

काका लिफ्ट दुरुस्त करत. गच्चीवरच्या कोंदट मशीनखोल्या, ग्रीसनं माखलेले दोरखंड, मजल्यांच्या मध्ये अडकून पडलेली आणि दार उघडताच काकांवरच ओरडणारी माणसं, यात त्यांचा दिवस जायचा. लिफ्ट बंद म्हणून बोलावणं यायचं, त्यामुळे वर जायचं ते नेहमी जिन्यानंच. इमारतींच्या लोकांना ते बजावून सांगत, "लिफ्ट बंद ठेवून वाचत नाही. यंत्र उभं राहिलं की आतून मरतं." आणि रविवारी सकाळी स्वतःच्या गाळ्यात जाऊन मऊ फडक्यानं गाडी पुसत, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकत, हवा कोरडी असली तर बाहेरच्या रस्त्यानं पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येत, आणि पुन्हा गवसणी चढवत. इतक्या वर्षांत मीटरवर नऊ हजार किलोमीटरही झाले नव्हते. हा आकडा ते पाहुण्यांना आपणहून सांगत, जसं कुणी मुलाचा परीक्षेतला नंबर सांगावा.

मुलीला घरात चिमणी म्हणत. ती नऊ वर्षांची असताना एकदा तिला गाडीत बसायला मिळालं. सीटवर टॉवेल अंथरला, बूट काढून तिच्या मांडीवर ठेवायला लावले, आणि काकांनी तिला फाटकापर्यंत नेऊन आणलं. परत येताना तिनं काचेचं बटण दाबलं. काकांनी तिचा हात उचलून परत तिच्या मांडीवर ठेवला. त्यानंतर तिनं मागितलं की उत्तर ठरलेलं असे, "मोठी हो, मग बघू."

काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, त्या दिवशी बाहेर पाऊस होता. गाडी पावसात निघत नसे. टॅक्सी यायला बराच वेळ लागला. काका सगळा वेळ काकूंच्या डोक्यावर छत्री धरून फाटकापाशी उभे होते, आणि मागे दहा पावलांवर गाळ्याला कुलूप होतं. त्या दिवसानंतर काकूंनी गाळ्यात पाऊल टाकलं नाही.

चिमणी मोठी झाली, औषधांच्या एका गोदामात व्हॅन चालवायला लागली. काचेच्या बाटल्यांची खोकी दवाखान्यांत पोचवायची. घरात त्याचं कौतुक झालं ते एवढंच, की काका म्हणाले, "व्हॅन म्हणजे काय, बैलच तो. टोचला की चालतो."

निवृत्तीनंतर रोज गाडी चालवायची, असं काकांनी मनाशी ठरवलं होतं. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना झटका आला. वाचा वाचली, हात वाचला, पण डावा पाय लुळा पडला. व्यायाम करून, पोटरीला पट्टा लावून ते काठीवर चालू लागले. पाऊल मात्र वर उचललं जाईना. काठी टेकत ते पहिल्यांदा उतरले ते गाळ्यात. कसेबसे सीटवर बसले, डावा पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला. दाबायला गेले तर पाऊल पेडलवरून सरकलं. दुसऱ्यांदाही सरकलं. तिसऱ्यांदा गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. जेवायची वेळ टळून गेली तरी ते वर आले नाहीत, तेव्हा चिमणी खाली गेली. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. तिनं त्यांना बाहेर काढलं.

काकांचा जुना मित्र गॅरेज चालवायचा. काटक, बुटका, म्हणून त्याला सगळे बोल्ट म्हणत. तो आला, गाडीखाली शिरला, हात पुसत बाहेर आला.

"ऑटोमॅटिक करून टाकू. क्लचची भानगडच नको. एक ठोकलेली गाडी माझ्याकडे पडलीय, तिचा गिअरबॉक्स बसेल. पण जसाच्या तसा नाही बसायचा. मधला पत्रा कापावा लागेल, आणि सीट थोडी उंच करू, म्हणजे तुला उठता-बसता येईल."

"कापायचं?"

"कापल्याशिवाय कसं होणार? नाहीतर आहे तशी ठेव आणि बघत बस. आजवर तेच केलंस की."

हे काकांना झोंबलं, पण ते म्हणाले, "विचार करतो."

विचारात भर टाकायला आणखी एक माणूस मिळाला. जुन्या गाड्या जमवणारा एक श्रीमंत गृहस्थ कुठूनसा माग काढत आला. पांढरे हातमोजे घातले, रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारावर टेकवलं, विजेरी घेऊन चाकांच्या आत डोकावला. टायरसुद्धा कारखान्यातून आलेलेच, हे पाहून त्याचा चेहरा उजळला. काकांना आयुष्यात पहिल्यांदा आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. काठी विसरून ते त्याच्यामागे गाडीभोवती फिरत होते.

"एक भोकसुद्धा पाडू नका," बोल्टचा बेत कानावर येताच तो म्हणाला. "पत्र्याला करवत लागली की माझ्या दृष्टीनं ही गाडी संपली. मला द्या. थंड, कोरड्या हॉलमध्ये ठेवीन. तुम्ही हवं तेव्हा येऊन बघा."

"आणि चालवणार कधी?" काकांनी विचारलं.

"चालवायची कशाला?" तो माणूस खरोखरच गोंधळला. "चालवली तर मग राहिलं काय तिच्यात?"

पाहुणा गेल्यावर काका चिडचिड करत म्हणाले, "वेडा आहे. गाडी काय कपाटात ठेवायची वस्तू आहे?" काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा भाजीत लक्ष घातलं.

त्या आठवड्यात घरात दुसरा विषय नव्हता. कापावी तर गाडी हातची जाते, जपावी तर हातात येत नाही. शेवटी चिमणी एकदा ताटावरून उठता उठता म्हणाली, "बाबा, मी चालवते ना. तुम्ही शेजारी बसा. काही कापायला नको की विकायला नको."

काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"बाबा, मी काय म्हणतेय?"

"तुझा हात व्हॅनचा आहे, बाळ. हिचा क्लच नाजूक आहे. घासून टाकशील."

"मग शिकवा की. तुम्ही सांगाल तसा सोडीन."

"ते सांगून येत नाही. पायाला कळावं लागतं."

"माझ्या पायाला रोज कळतं. दिवसभर दुसरं काय करते मी?"

"अगं, ती गाडी तशी नाही! तुला नाही कळायचं."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "लहान होती तेव्हा लहान म्हणून नाही. आता मोठी झाली तर व्हॅनवाली म्हणून नाही. एकदाच काय ते सांगून टाका ना तिला, की नाहीच द्यायची."

"तू मध्ये पडू नकोस," काका म्हणाले.

चिमणीनं ताट उचललं, घासलं, जागेवर ठेवलं आणि कामावर गेली. गाडीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

काकांनी बोल्टला फोन केला. गाडी गॅरेजमध्ये पोचली तेव्हा बोल्टनंसुद्धा विचारलं, "पोरगी चालवते म्हणतेय ना? मग कापायची कशाला? माझंच काम आहे, तरी विचारतोय."

"तुला जमत नसेल तर दुसरीकडे नेतो."

बोल्टनं खांदे उडवले. करवत सुरू झाली, ठिणग्या उडाल्या, पत्र्याखालचा डांबरासारखा जुना थर जळायला लागला. काका काठी टेकत बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आत जाऊन "थांब" म्हणायला अजून वेळ होता. ते उभेच राहिले. थोड्या वेळानं आवाज थांबला तेव्हा म्हणायलाही काही उरलं नव्हतं.

गाडी तयार व्हायला दोन महिने गेले. डॉक्टरांनी ऑटोमॅटिक चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. पहिल्या दिवशी काकांनी काकूंना म्हटलं, "चल, फिरून येऊ." इतक्या वर्षांनी. काकू आधी नाही म्हणाल्या, मग काय मनात आलं कोण जाणे, चांगले कपडे घालून खाली उतरल्या. सीटवर टॉवेल नव्हता. त्या अवघडून बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली.

गाडी निघाली. काकांचा डावा हात सवयीनं दांड्याकडे जात होता आणि तिथं करण्यासारखं काही नव्हतं. दांडाही दुसऱ्याच गाडीचा, राखाडी, प्लॅस्टिकचा. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "लिफ्टसारखी झालीय. बटण दाबलं, निघाली."

"छान चालतेय की," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच आवडत होतं. खिडकीतून वारा येत होता. काकांना मात्र ते वाक्य तोंडात मारल्यासारखं लागलं.

उड्डाणपुलाच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ आली. वर्षानुवर्षं उभं राहून रबराचा पाइप आतून कुजला होता. गिअरबॉक्सच्या गडबडीत तो कुणी तपासलाच नव्हता. रस्त्याच्या कडेला पाणी सांडलं, गाडी उभी राहिली. मागून येणारे हॉर्न वाजवत बाजूनं निघून जात होते. एकानं खिडकीतून ओरडून विचारलं, "ढकलू का, आजोबा?"

काकूंनी चिमणीला फोन लावला. ती कामावरच होती, त्या बाजूलाच माल टाकायचा होता, म्हणून आली. बोल्टला फोन करून तिनं गाडी उचलायची सोय केली आणि दोघांना व्हॅनमध्ये पुढे बसवलं. मागे औषधांची खोकी छतापर्यंत रचलेली होती.

पुलाच्या चढावर वाहतूक तुंबली होती. चढावर थांबायचं, सुटायचं, पुन्हा थांबायचं. काका मुलीच्या पायाकडे बघत होते. क्लच सुटत होता तो कळत नव्हता. गाडी तसूभर मागे येत नव्हती, गचका नव्हता, मागच्या इतक्या काचेच्या बाटल्यांतली एकही किणकिणत नव्हती. पूल संपेपर्यंत काकांनी नजर हलवली नाही. आयुष्यभर यंत्रांशी खेळलेल्या माणसाला चांगला पाय कशाला म्हणतात ते कुणी सांगायला नको होतं.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले.

"बारा वर्षं झाली, बाबा. रोज हेच करते." तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "हे बघायला तुम्हाला गाडी कापावी लागली."

काकू दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांनी पर्सची चेन उघडली आणि उगाचच परत लावली.

घर जवळ आलं तेव्हा काका म्हणाले, "नीट झाली की तू ने. तुला हवी तेव्हा ने. किल्ली तुझ्याकडेच ठेव."

"मला ती चालवायची होती," चिमणी म्हणाली. "ही नाही."

तिनं त्यांना फाटकाशी उतरवलं, आईच्या हाताला धरून फुटपाथवर आणलं, काठी बापाच्या हातात दिली आणि माल टाकायला निघून गेली.

नंतर काकांनी बोल्टला विचारून पाहिलं, जुना गिअरबॉक्स परत बसवता येईल का. बोल्ट म्हणाला, "बसवीन. पत्रा जोडीन, वरून रंग मारीन, तुला दिसणारसुद्धा नाही. पण चालवणार कोण?" काकांनी चिमणीला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या, बाबा." रागानं नाही, कुणी चहा विचारावा आणि आपण नको म्हणावं तशी म्हणाली. काकांनी एकदा लाज सोडून त्या हातमोजेवाल्यालाही फोन केला. करवत लागली एवढं ऐकून त्यानं "अरेरे" म्हटलं आणि फोन ठेवला.

काही महिन्यांनी चिमणीनं दुसऱ्या शहरातल्या गोदामात बदली मागून घेतली. पगार थोडा बरा होता, तेवढंच कारण तिनं सांगितलं. जायच्या दिवशी काका सकाळपासून तयार होऊन बसले होते. "मी सोडतो स्टँडवर." चिमणी त्यांच्या समाधानासाठी खाली आली. तिच्या दोन मोठ्या बॅगा आणि एक गादीची वळकटी होती. काकांनी डिकी उघडली. एक बॅग आडवी टाकून पाहिली, उभी करून पाहिली, दुसरी सीटच्या मागे कोंबून पाहिली. काही केल्या बसेना. तेवढ्यात तिचा सहकारी गोदामाची व्हॅन घेऊन आला. सामान दोन मिनिटांत चढलं. चिमणी बापाच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली आणि व्हॅनमध्ये बसली.

काका-काकू जिना चढून वर आले. काकूंनी चहा टाकला. काका खिडकीपाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "भांडून किल्ली घ्यायला हवी होती तिनं. हक्कानं. मी काय खरंच अडवलं असतं?"

काकूंनी कप त्यांच्यासमोर ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "अडवलं असतं."

काकांनी बशीत चहा ओतला. काकू उत्तराची वाट न बघता आत गेल्या.